सात नंबरच्या खाटेवरचं खोरं

माझ्या थोरल्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. डॉक्टरांनी डायलिसिस सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे चार-चार तास नुसतं पडून राहायचं?"

"आठवड्यातून तीनदा," डॉक्टर म्हणाले.

"मग जगायचं कधी?"

डॉक्टरांना या प्रश्नाची सवय असावी. त्यांनी खाली बघून कागदावर सही केली.

घरी आम्ही दोघंच. माझं लग्न झालं नाही, त्याचं टिकलं नाही, आणि आईवडील गेल्यावर त्यांच्या तीन खोल्यांत आम्ही एकमेकांवर डाफरत सुखाने राहत होतो. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवतात, त्यावरून मी कवळी बनवते. दादा छापखान्यात मशीनमन होता. चार रंग एकावर एक बरोबर बसवणं हे त्याचं काम. एखादा रंग केसभर सरकला तरी चित्रातल्या माणसाला दोन-दोन ओठ दिसतात, आणि दादाला ते मशीनच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून दिसायचं.

त्याच्या खोलीत टेबलाखाली एक काळी पेटी होती. तो तिला कॉम्प्युटर म्हणायचा नाही, 'मशीन' म्हणायचा. अकरा वर्षांत त्याने तिचा एकेक भाग बदलला होता. आज ग्राफिक कार्ड, पुढच्या वर्षी प्रोसेसर, मग मोठा पंखा, कारण नवं कार्ड तापायचं. टेबलाला स्टिअरिंग बसवलेलं, खाली तीन पेडल. आमच्याकडे गाडी नव्हती, पण रोज संध्याकाळी दादा जगातल्या कुठल्या तरी घाटातून ताशी दोनशेच्या वेगाने जाऊन यायचा आणि मग शांतपणे जेवायला बसायचा.

डायलिसिस सुरू झालं आणि ते सगळं थांबलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी हॉस्पिटल; त्या दिवशी मी लॅबचं काम दुपारवर ढकलून सोबत जायचे. डाव्या हाताची शीर धमनीला जोडलेली, त्यात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. तो हात चार तास हलवायचा नाही आणि एरवीही त्याने वजन उचलायचं नाही. घरी आला की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मधल्या दिवशी बरं वाटेपर्यंत पुन्हा जायची वेळ यायची. छापखाना सुटला, मशीनवर धूळ बसली.

क्लाउड गेमिंगची कल्पना मी आणली. म्हणजे खेळ आपल्या कॉम्प्युटरवर चालत नाही. तो दूर कुठल्या तरी इमारतीतल्या मोठ्या यंत्रावर चालतो, आणि आपल्याला फक्त त्याचं चित्र येतं. आपण माउस हलवला की तो इशारा तिकडे जातो, तिकडची गाडी वळते, वळलेली गाडी आपल्याला दिसते. माझा जुना लॅपटॉपही पुरेल, असं मी वाचलं होतं.

दादाने नाक मुरडलं. "म्हणजे दुसऱ्याच्या ताटात जेवायचं."

"भिंत बघण्यापेक्षा बरं ना?"

"भिंत निदान आपली आहे."

तरी मी बुधवारी लॅपटॉप पिशवीत टाकला. हॉस्पिटलचं वायफाय म्हणजे नावाला; मी माझ्या फोनचं नेट जोडलं. दादाने एका हाताने शर्यतीची गाडी चालवून बघितली आणि दोन मिनिटांत कठड्यावर आपटली.

"उशीर होतो," तो म्हणाला.

"मला तर दिसत नाही."

"तुला नाही दिसणार. मी दाबतो आणि गाडी वळते, त्याच्यामध्ये कोणीतरी जांभई देतंय."

शेजारच्या आठ नंबरच्या खाटेवरून आवाज आला, "मग ज्यात घाई नाही असं काहीतरी खेळा की."

हे मास्तर. निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. पंचाहत्तरीच्या घरात, अंगाने काटकुळे, आणि डायलिसिसमध्ये आमच्यापेक्षा चार वर्षांनी ज्येष्ठ. त्या खोलीतल्या दहा खाटांमध्ये ज्येष्ठता अशीच मोजली जाई. दादा पहिल्या महिन्यात कोणाशी बोलला नव्हता. मास्तरांशीही नाही; तो छापखान्यातला हे त्यांना सिस्टरकडून कळलं होतं.

क्लाउडवरच्या खेळांच्या यादीत एक संथ खेळ होता. ओसाड जमीन मिळते, तिच्यावर डोंगर उचलायचे, नद्या सोडायच्या, रस्ते, पूल, घरं बांधायची. जिंकणं-हरणं नाही. एका हाताला झेपेल असा. दादाने वेळ काढायला म्हणून एक डोंगर उचलला आणि त्याच्या माथ्यावरून सरळ खाली पाणी सोडलं.

"अहो छापखानेवाले," मास्तर मान वळवून म्हणाले, "नदी आहे का नळ? नदी सरळ जात नाही. तिला कठीण खडक लागला की ती वाट बदलते."

"इथे खडक नाही, मास्तर."

"मग घाला."

दादाने खडक घातला. नदी वळली. वळणाच्या आतल्या बाजूला गाळ साचायला हवा, म्हणून मास्तरांनी तिथे सपाट जमीन करायला लावली. मग तिथे शेतं आली, शेतांना पायवाट आली, आणि चार तास संपल्याची घंटी वाजली तेव्हा दादा सिस्टरला म्हणाला, "पाच मिनिटं थांबता का?" सुया निघायला उशीर व्हावा असं म्हणणारा पेशंट तिने तोवर पाहिला नव्हता.

पुढच्या वेळेपासून सिस्टरनेच दोन्ही खाटांच्या मधलं टेबल सरकवून त्यावर लॅपटॉप ठेवायची सोय केली. मास्तर बोलायचे, दादा करायचा. पाय आखडले, रक्तदाब उतरला की गप्प व्हायचे, पुन्हा सुरू करायचे. दोघांना दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी प्यायची परवानगी होती. मास्तर एकदा म्हणाले, "आपल्याला घोटाघोटाचा हिशेब, आणि इथे बघा, धरण बांधायला निघालोय." त्या खोलीत तेव्हा दोन-तीन खाटा हसल्या.

असे आठ महिने गेले. त्या दोघांनी एक अख्खं खोरं वसवलं. वर जंगल, मधे गावं, खाली नदी समुद्राला मिळते तिथे बंदर. दादा घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करेनासा झाला. "उद्या पुलाचं काम आहे" असं म्हणून तो आदल्या दिवशी वेळेवर झोपायचा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. दादाने त्या काळ्या पेटीत अकरा वर्षं घातली होती, पण ती पेटी सात नंबरच्या खाटेवर येऊ शकत नव्हती. हे येत होतं.

मग एका सोमवारी लॅपटॉप उघडल्यावर पडद्यावर एक चौकोन आला. 'हा खेळ या महिनाअखेरीस आमच्या यादीतून काढण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

"काढणार म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे एक तारखेपासून उघडणार नाही," मी म्हणाले.

"आणि आपलं खोरं?"

खोरं त्या दूरच्या इमारतीत होतं. घरी जाऊन मी त्या लोकांना लिहिलं, की खेळ ठेवा नाहीतर काढा, पण आमची जतन केलेली फाइल तेवढी पाठवा. दोन दिवसांनी फार नम्र उत्तर आलं. तशी सोय उपलब्ध नाही. मी पुन्हा लिहिलं, हॉस्पिटलचं सांगितलं, मास्तरांचं वय सांगितलं. तेच उत्तर पुन्हा आलं, खालचं नाव तेवढं वेगळं.

मला वाटलं, दादा 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणेल. तो तसं म्हणाला नाही. त्याने हाताची जोडलेली शीर चाचपली. मग म्हणाला, "छोटे, त्या मशीनचं झाकण काढ."

त्याच्या डाव्या हाताला जोर लावायचा नव्हता, म्हणून हात माझे आणि डोकं त्याचं. आम्ही पेटी बाहेर ओढली. आतल्या पंख्यावर धुळीचा लोकरीसारखा जाड थर बसला होता. मी लॅबमधला मऊ ब्रश आणला, ज्याने मी कवळीवरची पावडर झाडते.

"हळू. पातं धरून ठेव, फिरू देऊ नकोस."

"मी रोज माणसांच्या तोंडातलं काम करते, दादा."

"माणूस ओरडून तरी सांगतो."

प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती खरवडून नवी लावली. एक केबल सैल होती. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा नुसती एक शिटी वाजली आणि बंद पडलं. दादा डोळे मिटून ती शिटी ऐकत होता. "मेमरीची पट्टी. काढून परत बसव. टक्क आवाज येईपर्यंत." आवाज आला. मशीन सुरू झालं. दादा पलंगाच्या काठावर बसून त्या पंख्याची घरघर ऐकत राहिला आणि मी तोंड धुवायला म्हणून आत गेले.

खेळाची स्वतःची प्रत आम्ही विकत घेतली. पण ती कोरी; खोरं पहिल्यापासून बांधायला हवं होतं. हातात जेमतेम वीस दिवस होते. हॉस्पिटलमध्ये मी सगळ्या खोऱ्याचे तुकड्या-तुकड्याने फोटो काढले, वरून आणि चारी बाजूंनी, दोनशेच्या वर. मोठे प्रिंट काढून त्यांवर ट्रेसिंग पेपर लावला आणि चौकटी आखल्या. समोर नसलेलं तोंड ठशावरून बनवायचं हे माझं रोजचंच काम. दादा मशीनवर चौकटीमागून चौकट उठवत गेला. मधल्या दिवसांतले त्याचे चांगले तास म्हणजे तीन, फार तर चार. त्यानंतर रेषा सरकायला लागायची. मी म्हणायचे, पुरे. तो म्हणायचा, एवढं वळण.

खरं तर ते सगळं तसंच्या तसं झालं नाही. डोंगराचा उतार हाताने उठवलेला. तो दोनदा सारखा कसा येणार? दादाला प्रत्येक फरक दिसत होता. मशीनमनच तो. एकदा त्याने बंदर तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मी चिडले. "मास्तरांना कळणारसुद्धा नाही."

"मला कळतं ना," तो म्हणाला.

महिनाअखेरीच्या शुक्रवारी त्या दोघांनी जुनं खोरं शेवटचं पाहिलं. मास्तरांनी काही बांधायला सांगितलं नाही. दादाने नुसतं उगमापासून समुद्रापर्यंत चित्र हळूहळू सरकवत नेलं, आणि चार तास संपायच्या आधीच लॅपटॉप मिटला. एक तारखेपासून खरंच ते उघडलं नाही.

त्यापुढच्या बुधवारी मी लॅबमधून पूर्ण दिवसाची सुटी घेतली. मशीन घरी चालू ठेवलं होतं, आणि मी लॅपटॉप हॉस्पिटलमधून त्यालाच जोडला. पद्धत तीच, चित्र लांबून येणार. पण आता ती लांबची इमारत म्हणजे आमचं घर होतं. चित्र उमटायला वेळ लागला. मास्तर तोवर फार खंगले होते. त्यांचं वजन उतरत चाललं होतं आणि सिस्टर त्यांच्याशी मोठ्याने, जास्तच हसून बोलू लागली होती. त्यांनी चष्मा वर केला आणि खोरं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शाळा चुकलीय," ते म्हणाले.

दादा ताठ झाला. "कुठे?"

"पुलाच्या अलीकडे होती. तुम्ही पलीकडे घातलीत. पोरं काय रोज पूल ओलांडून येणार?"

माझ्याजवळ फोटो होते. फोटोत शाळा पलीकडेच होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने शाळा उचलली आणि पुलाच्या अलीकडे आणली.

"आता कसं?" त्याने विचारलं.

"आता बरोबर," मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

पाच आठवडे त्यांनी त्या नव्या खोऱ्यात काम केलं. सहाव्या सोमवारी आठ नंबरची खाट रिकामी होती, चादर बदललेली. त्या खोलीत रिकाम्या खाटेबद्दल कोणी विचारत नाही. तो तिथला न सांगितलेला नियम आहे. सिस्टरने सुया टोचल्या, पट्टी लावली आणि मगच हळू आवाजात सांगितलं, "मास्तर शनिवारी गेले. झोपेतच."

दादाने मान हलवली. लॅपटॉप त्या दिवशी पिशवीतच राहिला. बुधवारी आणि शुक्रवारीही.

तीन आठवड्यांनी मास्तरांच्या पत्नी वॉर्डमध्ये आल्या. मास्तरांची शाल आणि चपला तिथे कपाटात राहिल्या होत्या. बाई उंच, पाठीचा कणा सरळ, बोलणं मोजकं. त्या दादाच्या खाटेपाशी थांबल्या.

"छापखानेवाले तुम्हीच ना? घरी आल्यावर तुमचंच चालायचं. आज बोगदा झाला, आज बंदर झालं. मला एकदा बघायला मिळेल का?"

"बसा, काकू," दादा म्हणाला.

मशीन घरी चालूच असायचं; मी लॅपटॉप लावला. त्या दिवशी नेट इतकं मंद होतं की खोऱ्याचे नुसते हिरवे-करडे चौकोन झाले. चित्र अडकायचं, उडी मारायचं, पुन्हा अडकायचं. काकूंनी पाच मिनिटं वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "असू दे. अंदाज आला," आणि शाल हातावर टाकून निघाल्या. अंदाज आला नव्हता हे तिघांनाही कळत होतं.

शनिवारी सकाळी चहा पिता पिता दादा म्हणाला, "छोटे, गाडी बोलाव. मशीन काकूंकडे द्यायचंय."

मला वाटलं, दाखवायला. "लॅपटॉप त्यांच्या घरी नेला तरी दिसेल की."

"दिसेल. आपण समोर बसून दाखवू तेवढंच. त्यांना एकटीला बघायचं असेल."

"दादा, अकरा वर्षं. आणि परत नेट गेलं, परत कोणी खेळ काढला, तर तुझ्याकडे काय राहील?"

त्याने कप खाली ठेवला. "मी तीन दिवस तिकडे पडलेला, तीन दिवस इकडे पडलेला. मी त्याच्यासमोर किती बसतो? काकू आल्या तेवढं सोडलं तर मास्तर गेल्यापासून मी ते उघडलेलं नाही. मला त्या नदीवर एकट्याने जाववत नाही." मग म्हणाला, "आणि माझ्याकडे असलं तरच मला देता येईल ना. ते दुसऱ्याच्या इमारतीत असतं तर काय दिलं असतं?"

मी गाडी बोलावली.

काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर. पेटी मी आणि ड्रायव्हरने वर चढवली. दादा मागून 'आडवी करू नका, आडवी करू नका' म्हणत आला. मास्तरांच्या टेबलावर जागा केली. दादाने माउस कसा धरायचा ते दाखवायला सुरुवात केली तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, मी तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले. शेवटची सहा कॉम्प्युटरवर." दादाचे कान लाल झाले. मी आजारपणानंतर प्रथमच ते पाहिलं.

काकू बसल्या. नकाशा वाचणारी माणसं चित्र बघत नाहीत, रेषा बघतात. त्या उगमापासून निघाल्या आणि एकेक वळण तपासत खाली आल्या. एका टेकडीवर छोटी इमारत होती. त्यांनी तिच्यावर बाण नेला तशी पाटी उमटली. मला ती इमारत रोजची, पण पाटी मी कधी वाचली नव्हती. 'मोजणी कार्यालय. खिडक्या चारी बाजूंनी.'

काकूंचा हात थांबला.

"आमच्या ऑफिसला खिडकी नव्हती," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं ट्यूबलाइटखाली. मी रोज घरी येऊन तेच बोलायचे. ते वर्तमानपत्र वाचत असायचे. मला वाटायचं, ऐकत नाहीत."

दादा खाली बघून म्हणाला, "पाटी त्यांनीच सांगितली होती. कशासाठी ते बोलले नाहीत."

काकूंनी पदराने चष्मा पुसला, परत घातला, आणि कितीतरी वेळ त्या टेकडीवरून चारी दिशांना बघत राहिल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या उठल्या नाहीत. मी दार ओढून घेतलं.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. आवाजात धार होती. "तुमच्या भावाला सांगा, ते ऑफिस मी टेकडीवरून खाली आणलंय. माथ्यावर पाणी कसं चढवणार? यांना भूगोल कळायचा, घर चालवणं नाही." मी निरोप दिला. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. दिवसाच्या वाट्याचं पाणी पिऊन संपलं होतं, म्हणून मी पाठ चोळत बसले.

दादा आता पुन्हा त्या दूरच्या इमारतीतलेच खेळ खेळतो. कुठला खेळ आवडला की आधी तो यादीतून जाणार आहे का ते बघतो, आणि जाणार असला तर त्यात फार काही बांधत नाही. छापखान्यातल्या जुन्या सोबत्याने मध्ये विचारलं, पुतण्याला चांगला कॉम्प्युटर घेऊन देऊ की हे भाड्याचं पुरेल? दादाने उलट विचारलं, "तो कुठे बसून खेळणार?" सोबती म्हणाला, घरी, आणखी कुठे? "मग मशीन घे," दादा म्हणाला. "घरी बसायला मिळतंय तोवर."

आठ नंबरच्या खाटेवर आता एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. त्यांना खेळात रस नाही. सुया टोचल्या की त्या पंधरा मिनिटांत झोपतात. उजेड त्यांच्या डोळ्यांवर जातो, म्हणून दादा पडदा स्वतःकडे वळवून घेतो आणि प्रकाश कमी करतो.